फ्रँकफर्टची वारी, दिवसागणिक

अनुवादित साहित्य छापणारा नवा प्रकाशक फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याला पहिल्यांदा निघतो तेव्हा मनात एकच चित्र असतं: पाच दिवस हिंडायचं, चांगली पुस्तकं हेरायची, अनुवादाचे हक्क घेऊन परतायचं. रविवारी संध्याकाळी पिशवीत पंधरा किलो कॅटलॉग असतात आणि करार एकही नसतो. यात बिघडलेलं काही नाही. हक्कांची बोली मेळ्याच्या आधी किंवा नंतर ई-मेलवर लागते. त्या पाच दिवसांत समोरचा माणूस एवढंच जोखत असतो की, पुढचं हस्तलिखित या प्रकाशकाकडे पाठवावं का. पहिल्या वर्षी जुनी, कुणी न घेतलेली पुस्तकं दाखवली जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मधल्या काळात चार पुस्तकं वेळेवर आणि नीट काढलेली असतील तर, मूळ भाषेत अजून छापलं न गेलेलं हस्तलिखित आपल्याकडे येतं. या धंद्यातली वाटचाल अशीच होते. म्हणून वारी चुकवायची नाही आणि दरवर्षी त्याच माणसांना भेटायचं.

निघण्याआधी

मेळा ऑक्टोबरच्या मध्यावर, बुधवार ते रविवार. पण भेटींच्या वेळा जुलैअखेरपासून भरायला लागतात आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर नावाजलेल्या एजंटांकडे, म्हणजे लेखकांच्या वतीने हक्क विकणाऱ्यांकडे, जागा उरत नाही. पहिली ई-मेल चार ओळींची असावी: आपण कोण, वर्षाला किती पुस्तकं काढतो, गेल्या दोन वर्षांत कुठल्या भाषांतून काय काढलं, आणि त्यांच्या यादीतल्या कुठल्या लेखकात रस आहे. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ‘तुमचा कॅटलॉग पाहायला आवडेल’ असं लिहिणाऱ्याला कॅटलॉगची लिंक मिळते, वेळ मिळत नाही.

भेटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या असतात आणि मध्ये मोकळी जागा नसते. दिवसाला बारा भेटी कागदावर बसतात, पायांना झेपत नाहीत. एका हॉलमधून दुसऱ्यात जायला सरकत्या पट्ट्यांवरूनही दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणून वेळापत्रक हॉलप्रमाणे लावायचं: सकाळ एका हॉलला, दुपार दुसऱ्या. दर तीन भेटींनंतर एक अर्धा तास रिकामा ठेवायचा. तो अर्धा तास टिपणं पुरी करण्याचा असतो, आरामाचा नव्हे.

सोबत आपली दोनच पुस्तकं न्यावीत, पण सर्वांत नीट छापलेली. पाच नेली तर एकही धड पाहिलं जात नाही.

मंगळवार: पोहोचणं

विमानतळाखालच्या स्टेशनातून एस-८ किंवा एस-९ लोकल थेट मुख्य स्टेशनला जाते. तिथून यू-४ मेट्रोने पुढचंच स्थानक फेस्टहॅले/मेसे. एस-३ ते एस-६ या लोकल ‘मेसे’ नावाच्या स्टेशनावर, म्हणजे प्रदर्शनाच्या आवाराशीच थांबतात. मेळ्याच्या आठवड्यात शहरातली हॉटेलं आवाक्याबाहेर जातात. छोट्या प्रकाशकांनी माइन्झ, ऑफेनबाख किंवा डार्मश्टाटमध्ये राहावं. डार्मश्टाटहून लोकल सरळ मेसेला येते. माइन्झहून एस-८ मुख्य स्टेशनपर्यंत आणते, आणि माइन्झ हे तर गुटेनबर्गचंच गाव.

संध्याकाळी नकाशा पाठ करून ठेवायचा. ‘४.१’ याचा अर्थ चौथ्या हॉलचा पहिला मजला, ‘४.०’ म्हणजे तळमजला. त्यापुढचं अक्षर रांगेचं आणि आकडा स्टॉलचा. मजला चुकला की दहा मिनिटं गेली, आणि अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली तर भेट उरकल्यासारखी होते.

बुधवार: एजंटांची टेबलं

साहित्यिक एजंट आणि स्काउट, म्हणजे प्रकाशकांसाठी नवी पुस्तकं हेरणारे, यांच्यासाठी वेगळा, राखीव विभाग असतो. दारावर कुणाशी कुठल्या टेबलावर भेट आहे ते सांगावं लागतं. आत छोट्या टेबलांच्या रांगाच रांगा, प्रत्येक टेबलावर एक एजंट, एक फाइल, पाण्याची बाटली. एकदम शंभर ठिकाणी कुजबुज चाललेली असते. शेजारच्या टेबलावर आपला प्रतिस्पर्धी बसलेला असू शकतो, तेव्हा आवाज खाली ठेवायचा.

अर्ध्या तासाची वाटणी अशी करावी. पहिली तीन-चार मिनिटं आपली. दोन पुस्तकं टेबलावर ठेवायची. एजंट ती हातात घेतात, उलटसुलट पाहतात, कागद चाचपतात. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे का, हे अनेक जण न बोलता पाहून घेतात, कारण अनुवादकाला मान देणारा प्रकाशक मूळ लेखकालाही जपेल, हा अंदाज सहसा चुकत नाही. पुढची पंधरा मिनिटं एजंट बोलतात आणि आपण ऐकायचं. उरलेल्या वेळात प्रश्न.

प्रश्न ठरलेले हवेत. आपल्या भाषेचे हक्क मोकळे आहेत का? कुठल्या भाषांत विकले गेले, आणि त्यातलं छापून आलेलं किती? आधीच्या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे ‘ऑप्शन’, म्हणजे लेखकाचं पुढचं पुस्तक आधी पाहण्याचा हक्क, शिल्लक आहे का? संपूर्ण मजकूर कधी मिळेल? आणि लांबी किती? लांबी पानांत विचारू नये, कारण पानं टाइपावर अवलंबून असतात. स्पेससकट अक्षरसंख्या विचारावी. जर्मनीत अनुवादकाचं मानधन ठरतं ते प्रमाण पानावर, ‘नॉर्मझाइटे’वर: ३० ओळी, ओळीला ६० अक्षरं, म्हणजे जास्तीत जास्त १८०० अक्षरं. साडेचार लाख अक्षरांच्या कादंबरीची अशी २५० पानं होतात. प्रत्यक्षात संवाद आणि परिच्छेदांमुळे ओळी अपुऱ्या राहतात आणि पानं वाढतात. खर्चाचा अंदाज इथूनच सुरू होतो.

एक प्रश्न नवखे विसरतात आणि तो पुढे महागात पडतो. मूळ भाषा जाणणारा अनुवादक आपल्याकडे नसेल तर इंग्रजी किंवा अन्य अनुवादावरून काम करायचा विचार असतो. पण त्या मधल्या अनुवादाचा स्वतंत्र कॉपीराइट असतो, आणि मूळ लेखकाच्या एजंटने दिलेला परवाना त्याला लागू होत नाही. मधल्या अनुवादकाची किंवा त्याच्या प्रकाशकाची वेगळी परवानगी लागते, बहुधा वेगळे पैसेही. हे पुस्तक छापल्यावर लक्षात आलं तर प्रती परत मागवाव्या लागतात. टेबलावरच सांगून टाकावं की, अनुवाद कुठल्या भाषेतून होणार आहे. आमच्या मते शक्यतो मुळातूनच करावा, आणि तसा अनुवादक नसेल तर पुस्तक सोडून द्यायचं धैर्य ठेवावं.

भेट संपली की जिन्यावर उभं राहून का होईना, पाच ओळी लिहायच्या: टेबल क्रमांक, पुस्तक, लांबी, कुठे विकलं गेलं, आपण काय कबूल केलं. ‘नंतर लिहू’ म्हटलं की गुरुवारी दुपारपर्यंत दोन नॉर्वेजियन कादंबऱ्यांची गल्लत झालेली असते आणि एकीचा मजकूर दुसरीच्या एजंटकडे मागितला जातो. असं एकदा झालं तरी एजंटच्या लक्षात राहतं.

गुरुवार: अनुदानाची टेबलं आणि हिशेब

आपल्या साहित्याच्या अनुवादाला अनुदान देणाऱ्या देशोदेशींच्या साहित्यसंस्था आपापल्या राष्ट्रीय स्टॉलवर बसतात: नॉर्वेची नोर्ला, फिनलंडची फिली, डच साहित्य निधी, पोलिश बुक इन्स्टिट्यूट, कोरियाची साहित्य अनुवाद संस्था. जर्मन पुस्तकांसाठी गोएथे-इन्स्टिट्यूट. नवे प्रकाशक हा दिवस एजंटांना देतात आणि इथे शुक्रवारी उरलेल्या वेळात डोकावतात. हे उलटं करावं. का, ते आकडे सांगतात.

समजा, वरचीच २५० पानांची कादंबरी. प्रती १५००, छापील किंमत करवगळून १८ युरो. मूळ लेखकाची रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे प्रतीमागे १.०८ युरो. अनुवाद पानाला १८ युरोने ४५०० युरो, संपादन आणि मुद्रितशोधन १५००, मांडणी आणि मुखपृष्ठ ९००, छपाई प्रतीमागे २ युरोने ३०००. वितरक आणि दुकानदार मिळून ५५ टक्के सूट घेतात, आपल्या हाती प्रतीमागे ८.१० युरो. आता १०५० प्रती विकल्या गेल्या असं धरू, आणि छोट्या प्रकाशकासाठी ही विक्री चांगलीच म्हणायची. जमा ८५०५ युरो. खर्च ९९०० आणि रॉयल्टी ११३४, एकूण ११०३४. तूट २५२९ युरो. अनुदानाशिवाय बरोबरीला यायला १४११ प्रती खपाव्या लागतात. समीक्षक, लेखक, अनुवादक आणि पुरस्कारांच्या परीक्षकांना ८० प्रती गेल्या तर विकायला मुळात १४२० च उरतात.

आता अनुवादाच्या खर्चाचं ६० टक्के अनुदान धरा: २७०० युरो. तुटीच्या जागी १७१ युरो उरतात. यात ऑफिसचं भाडं नाही, पगार नाही, फ्रँकफर्टचं तिकीट नाही आणि अनुवादकाची रॉयल्टीही नाही. तरी पुस्तक उभं राहतं, पुनर्मुद्रण निघालं तर कमावतं.

याच हिशेबातून ॲडव्हान्सही, म्हणजे लेखकाला रॉयल्टीपोटी आधी द्यायची रक्कमही, निघतो. पहिल्या आवृत्तीची पूर्ण रॉयल्टी १६२० युरो होते, तिच्या निम्मी बोली लावायची: ८१० युरो. म्हणजे ७५० प्रतींना ॲडव्हान्स फिटतो. उत्साहाच्या भरात ३००० ची बोली लावणारा प्रकाशक न विकलेल्या प्रतींची रॉयल्टी आधीच देऊन बसतो.

अनुदानवाल्यांना विचारायच्या गोष्टी नेमक्या आहेत. समितीच्या बैठका वर्षात कधी असतात? अर्जासोबत काय लागतं? बहुतेक ठिकाणी हक्कांचा सही झालेला करार, अनुवादकाशी केलेला करार आणि अनुवादकाच्या आधीच्या कामाची माहिती मागतात. पैसे कधी मिळतात? बहुधा पुस्तक छापून, प्रती पाठवल्यावर. म्हणजे अनुवादकाचे पैसे आपल्या खिशातून आधी जातात आणि वर्षभराने परत येतात. तेवढी रोकड हाताशी नसेल तर एकाच वर्षी चार अनुदानित पुस्तकं घेऊ नयेत. अनुदान मंजूर असूनही प्रकाशक अडकतात ते इथेच. अर्ज फेटाळले जाण्याचं नेहमीचं कारण दुसरं आहे: निर्णय येण्याआधीच पुस्तक छापायला टाकलेलं असतं.

शुक्रवार: संपादकांशी

शुक्रवारी एजंट थकलेले असतात. हा दिवस परभाषेतल्या आपल्यासारख्याच प्रकाशकांना द्यावा. मोठी प्रकाशनं महिन्याच्या ठरीव पैशांवर स्काउट नेमतात आणि त्यांना हस्तलिखितं आधी कळतात. छोट्यांचे स्काउट म्हणजे इतर देशांतले छोटे प्रकाशक आणि स्वतः अनुवादक. आपल्याशी स्पर्धा नसलेल्या भाषेतला संपादक खरं सांगतो: मधली ऐंशी पानं सैल आहेत, लेखक प्रश्नांना उत्तरं देतो, पुस्तक आमच्याकडे चारशेच खपलं पण समीक्षा उत्तम आली. तीच कादंबरी घेतलेले दोन प्रकाशक पुढे अनुवादकांच्या शंकांची यादीही वाटून घेतात. एका अनुवादकाने मूळ लेखकाला विचारलेला प्रश्न दुसऱ्याचे चार दिवस वाचवतो.

लिलावाबद्दल एवढंच, की ज्या पुस्तकावर बोली लागलेली आहे त्याच्या नादी छोट्या प्रकाशकाने लागू नये. आपली जागा इतरत्र आहे: लेखकाचं दुसरं-तिसरं पुस्तक, छोट्या भाषा, सगळ्यांनी ‘अवघड’ म्हणून बाजूला ठेवलेलं गद्य. लंडनच्या फिट्झकराल्डो एडिशन्सची स्थापना २०१४ ची, आणि त्यांच्या यादीत २०१५, २०१८, २०२२ आणि २०२३ चं नोबेल मिळालेले लेखक आहेत. इंटरनॅशनल बुकर २०२२ मध्ये टिल्टेड ॲक्सिसच्या पुस्तकाला आणि २०२५ मध्ये अँड अदर स्टोरीजच्या पुस्तकाला मिळालं. दोन्ही प्रकाशनं छोटी आणि स्वतंत्र.

पण पुरस्कार अंगावरही येतो. नोबेलची घोषणा ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, मेळ्याच्या थोडं आधी होते. दुकानांची मागणी त्याच दिवशी येते, छापखाना रोख मागतो आणि दुकानदाराचे पैसे काही महिन्यांनी येतात. त्यात परवान्याची पाच वर्षं संपत आलेली असली तर नूतनीकरणाला मोठं प्रकाशन समोर उभं ठाकतं. ज्या लेखकावर आपण दहा वर्षं काम केलं तो असा हातचा जातो. म्हणून पहिल्याच करारात मुदत किमान सात वर्षं आणि पुढच्या पुस्तकाचा ऑप्शन मागावा. लेखक अनोळखी असताना हे सहज मिळतं.

शनिवार: अनुवादक

आता सामान्य वाचकांची गर्दी, रंगीबेरंगी वेशातली तरुण मुलं, दारांवर रांगा. बरेच एजंट शुक्रवारी रात्रीच परतलेले असतात. शनिवार पुस्तकं हातात घेऊन पाहायला उत्तम: बांधणी, कागद, प्रस्तावना कुठे ठेवली, टिपा तळाला की शेवटी. आणि अनुवादकांना निवांत भेटायलाही हाच दिवस.

अनुवादकाशी बोलताना आधी दिवसांचा हिशेब मांडावा. दिवसाला पाच पानं धरली तर २५० पानांच्या कच्च्या खर्ड्याला कामाचे पन्नास दिवस. मग दुसरा हात, लेखकाला शंका, मोठ्याने वाचून पाहणं. एकूण पाच-सहा महिने. तीन महिन्यांत देतो म्हणणाऱ्याला पुन्हा विचारावं. पैसे तीन हप्त्यांत: सहीला, मजकूर दिल्यावर, मजकूर स्वीकारल्यावर. कॉपीराइट अनुवादकाकडेच राहावा, प्रकाशकाने परवाना घ्यावा.

एक पद्धत मात्र न चुकता पाळावी: पहिली वीस पानं महिन्याभरात मागवायची. मूळ भाषा जाणणाऱ्या संपादकाने ती मुळाशी ताडून पाहायची, आणि मूळ न जाणणाऱ्या दुसऱ्याने नुसती वाचायची. दोघांची टिपणं वेगळी येतात. पहिला सांगतो की, निवेदिका मुळात तुटक बोलते आणि इथे वाक्यं जोडली गेली आहेत. दुसरा सांगतो की, चौथ्या पानावर संवाद कुणाचा ते कळत नाही. सूर विसाव्या पानावर दुरुस्त होतो. अडीचशेव्या पानावर तो दुरुस्त करायचा म्हणजे पुस्तक पुन्हा करणं, आणि तोवर अनुवादक आणि संपादक दोघंही दुखावलेले असतात.

रविवार

सकाळी शहरातल्या पाउल्सकिर्शे या जुन्या चर्चमध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार दिला जातो. युद्धानंतरचा पहिला मेळा १९४९ साली याच वास्तूत भरला होता, २०५ जर्मन प्रकाशकांना घेऊन. दुपारी सामान आवरायचं. कॅटलॉग तिथेच सोडावेत, सगळ्यांच्या पीडीएफ मिळतात. पिशवीत जागा असेल तर ज्यांचा विचार पक्का आहे त्या पुस्तकांच्या मूळ प्रती घ्याव्यात.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यात प्रत्येक भेटीला उत्तर जायला हवं, नकारही. ‘हे आमच्यासाठी नाही, कारण…’ असं दोन ओळींत लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी नेमकं दाखवलं जातं. मजकूर वाचकाकडे पाठवताना प्रश्न ठरवून द्यावा: पुस्तक चांगलं आहे का हे नको, दुसऱ्या भाषेत काय हरवेल ते लिहा. दोन पानं पुरतात.

मग बोलीपत्र: ॲडव्हान्स, रॉयल्टीच्या पायऱ्या, प्रती, अंदाजे किंमत, स्वरूप, मुदत, छापण्याची तारीख. करार आल्यावर तीन कलमं नीट वाचायची. पहिलं प्रकाशनाच्या मुदतीचं. सह्यांना दोन महिने, अनुदानाच्या निर्णयाला तीन-चार, अनुवादाला सहा, संपादनाला तीन, छपाईला एक: पंधरा-सोळा महिने सहज जातात. करारात १८ लिहिलेले असतात, २४ मागावेत. मुदत चुकली तर हक्क परत जातात आणि ॲडव्हान्स बुडतो. दुसरं कलम आतल्या उद्धृतांचं. मूळ पुस्तकातल्या गाण्याच्या ओळी, कविता, छायाचित्रं यांची परवानगी परवान्यात बहुधा नसते, ती आपण वेगळी मिळवायची. मूळ मुखपृष्ठाचंही तसंच, ते चित्रकाराचं असतं. तिसरं करकपातीचं. परदेशी रॉयल्टी पाठवताना दोन देशांतल्या करारानुसार कमी दर लागू व्हायचा असेल तर लेखकाच्या किंवा एजंटच्या कर-रहिवासाचा दाखला लागतो. तो पैसे पाठवण्याआधी मागावा. कापलेला कर परत मिळवण्यात वर्ष जातं.

छपाईला जाण्याआधी कॉपीराइटचं पान एजंटकडे तपासायला पाठवायचं. मूळ शीर्षक, मूळ प्रकाशनाचं वर्ष, हक्कधारकाचं नाव करारात आहे तसं अक्षरशः, मग अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाच्या नावे, अनुदान देणाऱ्या संस्थेची ठरलेली ओळ आणि तिचं बोधचिन्ह. पुढच्या ऑक्टोबरात किंवा त्याच्या पुढच्या, त्याच टेबलावर छापील प्रत ठेवली की एजंट आधी हेच पान उघडतात.